जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात देण्यापूर्वी

घरात नवा टी.व्ही. आला, भिंतीवर चढला, आणि त्याच्या पाठोपाठ एक तक्रारही आली, असे कित्येक घरांतून आम्ही ऐकतो. चित्र झकास, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्याला कारण आहे. पूर्वीच्या संचाच्या पोटात जागा होती, स्पीकर मोठा बसायचा. आताचा संच दोन-तीन बोटे जाडीचा. त्याचे छोटे स्पीकर बहुधा खालच्या अंगाला नाहीतर मागे, भिंतीकडे तोंड करून असतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बातम्यांतले शब्द कळत नाहीत, म्हणून आवाज वाढवावा तर शेजारी भिंत ठोकतात.

मग कुटुंब दुकानात जाते. दुकानदार दहा-बारा हजारांचा साउंडबार दाखवतो, हप्त्यावर. घरी जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आहेत, ते चालणार नाहीत का, असे विचारले की उत्तर ठरलेले, "तो अ‍ॅनालॉग, हा डिजिटल. जमायचे नाही." वडिलांनी बोनसच्या पैशांतून घेतलेला, आईने रोज फडक्याने पुसलेला तो अ‍ॅम्प्लिफायर भंगारवाल्याच्या काट्यावर जातो आणि घरावर हप्ता चढतो. वाचकहो, दुकानदाराचे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे पाचशे-सातशे रुपयांत बाजारात मिळते. त्याचे नाव डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. जाणकार मंडळी त्यालाच 'डॅक' म्हणतात.

हे यंत्र काय करते ते समजून घेतले म्हणजे कोणी फसवू शकणार नाही. डिजिटल आवाज म्हणजे नुसते आकडे. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हापासून सीडीवरच्या आवाजाचे एका सेकंदात ४४,१०० वेळा माप घेतलेले असते, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेले असते. स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला कमीजास्त होणारी वीज लागते. आकड्यांची वीज करणे एवढेच डॅकचे काम. म्हणजे ही काही नवलाची वस्तू नव्हे. सीडी प्लेअरमध्ये ती होती, हेडफोनचे भोक असलेल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आहे, टी.व्ही.च्या आतही आहे. प्रश्न इतकाच, की नव्या टी.व्ही.तून आवाज बाहेर काढायची वाट कोणती?

म्हणून पैसे खर्च करण्याआधी बॅटरी घेऊन टी.व्ही.च्या मागे डोकावावे. हेडफोनचे बारीक भोक दिसले तर कन्व्हर्टर विकत घेण्याचे कारणच नाही. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी शंभर-दीडशे रुपयांची वायर आणावी आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे जोडावी. कित्येक सेट टॉप बॉक्सलाही लाल-पांढरी-पिवळी भोके असतात. त्यांतली लाल आणि पांढरी आवाजाची. अ‍ॅम्प्लिफायरवर जेथे 'ऑक्स' किंवा 'लाइन इन' लिहिले असेल तेथेच जोडावे. 'फोनो' लिहिलेली जागा तबकडीच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी असते, तेथे जोडल्यास आवाज फाटून येतो.

यांपैकी काहीच नसेल तर ऑप्टिकलचे भोक शोधावे. ते चौकोनी असते आणि त्यावर बहुधा इवलेसे झाकण असते. तोशिबा कंपनीने १९८३ साली ही पद्धत काढली. तीत आवाज विजेने नव्हे तर लाल उजेडाने जातो. टी.व्ही. चालू करून वायरचे मोकळे टोक तळहाताजवळ धरले की लाल ठिपका पडतो. ठिपका दिसला नाही तर सेटिंगमध्ये ऑप्टिकल बंद आहे असे समजावे. ही वायर बहुधा प्लॅस्टिकच्या तंतूची असते, ती काटकोनात दुमडू नये. आणि नव्या वायरीच्या टोकावरच्या टोप्या काढावयाच्या असतात. ती घट्ट बसत नाही म्हणून जोर करणारे पुष्कळ.

डबी घेताना दिशा पाहावी. बाहेरून अगदी सारखी दिसणारी, पण उलटे काम करणारी 'अ‍ॅनालॉग टू डिजिटल' डबी त्याच फळीवर ठेवलेली असते. आपल्याला हवी तिच्यात ऑप्टिकलच्या भोकाशी 'इनपुट' आणि लाल-पांढऱ्याशी 'आउटपुट' लिहिलेले असते. टी.व्ही.ला ऑप्टिकल नसून फक्त 'एआरसी' लिहिलेले एचडीएमआयचे भोक असेल तर एआरसी चालणारीच डबी मागावी. साधा एचडीएमआयचा ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर तेथे उपयोगाचा नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. डबी जोडली आणि आवाजच आला नाही, किंवा नुसती खरखर आली, की लोक ती खराब म्हणून परत करतात. बहुतेक वेळा डबीचा दोष नसतो. टी.व्ही. 'डॉल्बी' नाहीतर 'ऑटो' या पद्धतीने आवाज पाठवत असतो, आणि स्वस्त डबीला ती भाषा येत नाही. टी.व्ही.च्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करावे. दोन मिनिटांचे काम आहे; घरातली शाळकरी मुलेही करतील. डबीला लागणारी वीज टी.व्ही.च्या यूएसबीतून घेतल्यावर गुणगुण ऐकू आली तर मोबाईलचा जुना चार्जर लावून पाहावा. ऑप्टिकलने जोडल्यावर पुष्कळ संचांत रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणानेच करावा लागतो, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

मोबाईलवरून गाणी ऐकणाऱ्या तरुणांसाठी दोन शब्द. हेडफोनचे भोक नसलेल्या फोनला लावायचा टाइप-सीचा छोटा तुकडा दोन जातींचा असतो. एकात डॅक असतो, दुसऱ्यात नुसती वायर. नुसत्या वायरीचा ज्या फोनांवर चालतो असे फोन थोडे, म्हणून डॅक असलेलाच घ्यावा. अ‍ॅपल कंपनीचा तुकडा हजाराच्या आतबाहेर मिळतो आणि मोजणाऱ्यांनी त्याला चांगले गुण दिले आहेत. पण पुष्कळशा अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज लहान येतो. घेण्याआधी आपल्याच फोनला लावून पाहावा.

दहा, वीस, पन्नास हजारांचे डॅकही विकले जातात. त्यांच्या जाहिरातींत २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे असतात. माणसाच्या कानाची धाव तरुणपणी फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत, वयाबरोबर ती आणखी घटते. आणि तेवढ्याला सीडीचे माप पुरते. महागड्या डॅकने शांततेतली जी बारीक खरखर जाते, ती आपल्या खोलीत पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारचा टी.व्ही. यांच्याखाली आधीच बुडालेली असते. हातात आणखी हजार-दोन हजार असतील तर ते स्पीकरवर खर्चावेत. फाटलेला कोन बदलून घ्यावा, स्पीकर जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीवर ठेवावा. ढोलकीची थाप आणि पेटीचा सूर वेगळे ऐकू येऊ लागतील. हा फरक कोणालाही कळतो, त्यासाठी जाणकार असावे लागत नाही.

मुंबईत ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, येथे हा माल समोर ठेवून पाहता येतो. दुकानदाराला डबी जोडून, आवाज ऐकवून मगच द्यावयास सांगावे, लाजू नये. आणि वर्षानुवर्षे बंद असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे बटण फिरवताना करकर आवाज आला तर घाबरू नये. प्लग काढून, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा बटणाच्या आत मारावा आणि बटण पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवावे. खोबरेल तेल मात्र घालू नये.