मिश्रीची डबी आणि आपलं गप्प बसणं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका सरकारी रुग्णालयात आमची संस्था बायकांसाठी मदत केंद्र चालवते, त्यामुळे बाळंतपणाच्या वॉर्डात माझं रोजचं येणं-जाणं असतं. त्या सकाळी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईच्या उशीखाली सिस्टरना मिश्रीची डबी सापडली. तिचं बाळ आठव्या महिन्यातच झालेलं, वजन जेमतेम दीड किलो, पेटीत ठेवलेलं. सिस्टर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पोर तिकडे पेटीत आणि ही इथे मिश्री घासतेय! आई आहेस की वैरीण?”

बाईने पदर तोंडावर ओढला. खाटेशी बसलेली सासू म्हणाली, “मी तरी किती सांगू?” याच सासूने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सुनेच्या हातावर मिश्री ठेवली होती, हे मला नंतर कळलं. नवरा व्हरांड्यात उभा होता, तंबाखूचा बार भरून. त्याला कुणी काही विचारलं नाही. आणि मी? हातात फाइल धरून मीही गप्प उभी राहिले.

दुपारी तिच्याशेजारी बसले तेव्हा ती आपणहून बोलली. “ताई, पहाटे चारला उठते. पोटात आग पडते, पण चहा व्हायला सात वाजतात. मिश्री लावली की भूक मरते. आणि मिश्री लावायला बसले की तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाय.” मग थोडं थांबून तिने विचारलं, “खरंच माझ्यामुळं झालं का हो?”

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि याची मला लाज वाटली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी दहा वर्षं बायकांमध्ये काम करते आहे. नवऱ्याची दारू, मारहाण, हुंडा, लादलेली बाळंतपणं, सगळं विचारते. पण गरोदर बाईला “मिश्री लावता का?” असं मी कधी विचारलंच नव्हतं. कारण उघड आहे. आधीच सगळं खापर बाईच्या डोक्यावर फुटतं. मुलगी झाली तर तिच्यामुळे, मूल झालं नाही तर तिच्यामुळे, गेलं तर तिच्यामुळे. त्यात आपण आणखी एक आरोप कशाला पुरवायचा, अशी भीती मनात होती. ही भीती खोटी नाही. पण तिच्यापोटी आपण एक महत्त्वाची माहिती बाईपासून दडवून ठेवली, हेही तितकंच खरं.

आधी माहितीबद्दल बोलू. मिश्री म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. हिरड्यांवर घासली की तिच्यातलं निकोटिन रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, बाळाकडे जाणारं रक्त कमी पडतं आणि त्याची वाढ मागे राहते. जन्मल्यानंतर तेच निकोटिन आईच्या दुधातूनही जातं.

हे परदेशातल्या सिगारेट ओढणाऱ्या बायकांवरून काढलेलं अनुमान नाही. आपल्या मुंबईतच १,२१७ गरोदर बायकांची नोंद ठेवून डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांची, आणि त्यांत मुख्यतः मिश्री लावणाऱ्याच होत्या, बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली होती. १०५ ग्रॅम म्हणजे फार नाही, असं कुणाला वाटेल. पण ज्या बाईचं स्वतःचंच वजन चाळीस किलो आहे, जिच्या रक्तात लोह नाही, तिच्या बाळाच्या बाबतीत तेवढ्यानेच ते पेटीत जाणार की आईच्या कुशीत, हे ठरू शकतं. शिवाय ही सरासरी आहे. फारच अपुऱ्या दिवसांत होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण या बायकांमध्ये कितीतरी जास्त आढळलं. २००६ मध्ये आलेल्या पुढच्या निष्कर्षांत मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटीहून अधिक दिसला. आणि हा प्रश्न मूठभर बायकांचा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या सुमारे १७ टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या. त्यांत विडी-सिगारेट ओढणाऱ्या अगदीच थोड्या.

तरीही दवाखान्यात हे कळत नाही. का? तिथे विचारतात, “काही व्यसन? दारू, सिगारेट?” बाई “नाही” म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. मिश्री तिच्या लेखी व्यसन नाहीच, ते दात घासणं आहे. दात दुखला म्हणून दहाव्या-बाराव्या वर्षी आईनेच किंवा आजीनेच लावलेली असते. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं कितीतरी जणी सांगतात. ज्या वस्तीत शंभर घरांना चार संडास आहेत, तिथे पहाटे अंधारातच उरकून घेणं बाईला किती गरजेचं असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. भूक मारायला मिश्री, दाताला मिश्री, पोटाला मिश्री, आणि दिवसभरातला स्वतःचा म्हणावा असा एकच निवांत वेळ, तोही मिश्रीचाच.

म्हणजे अन्न, दाताचा डॉक्टर, संडास आणि विसावा, या चार गोष्टी जिला मिळाल्या नाहीत तिने त्या चारींच्या जागी चिमूटभर तंबाखू ठेवली. आता त्याच बाईला वॉर्डात उभं करून ‘वैरीण’ म्हणायचं, हा कुठला न्याय? त्या मिश्रीने बाळाचं नुकसान होतं हे खरं आहे. पण ती तिने मौज म्हणून निवडली, हे खोटं आहे. या दोन्ही गोष्टी एका दमात म्हणायला आपण शिकलं पाहिजे.

दोष देण्याची वाट कुठे जाते, हे अमेरिकेत दिसून चुकलं आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस गरोदरपणी कोकेन घेणाऱ्या बायकांवरून मोठा गहजब झाला. वर्तमानपत्रांनी त्यांच्या मुलांची एक पिढीच बरबाद झाल्याचं जाहीर करून टाकलं. साऊथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात एका सरकारी रुग्णालयाने १९८९ पासून गरोदर बायकांच्या लघवीची तपासणी करून निकाल पोलिसांना कळवायला सुरुवात केली. तीस बायकांना अटक झाली, त्यांतली एक वगळता सगळ्या कृष्णवर्णीय. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बाईच्या संमतीविना केलेली अशी तपासणी घटनाबाह्य ठरवली. तोवर उपचारासाठी दवाखान्यात येणारी बाई दवाखान्यालाच घाबरायला शिकली होती. दुसरीकडे फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी अशा मुलांचा त्यांच्या तरुणपणापर्यंत पाठपुरावा केला. कोकेनचा संपर्क आलेली आणि न आलेली, दोन्हीकडची मुलं गरीब घरांतलीच होती. त्यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. दोन्ही गट मागे पडले होते, आणि त्यामागे गरिबी होती. याचा अर्थ कोकेन निरुपद्रवी आहे असा नव्हे. तंबाखूने वजन घटतं हे तर पक्कं आहे. अर्थ एवढाच, की आईकडे बोट दाखवलं की गरिबीकडे बघण्यातून सुटका होते.

आपल्या चळवळीला हा विषय नवा नाही. गर्भधारणा झाली का हे पाहण्यासाठी जास्त मात्रेच्या ईस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास दिली जात. गर्भाला त्यांचा धोका असल्याचं समोर आलं होतं. १९८२ मध्ये सरकारने बंदीचा आदेश काढला, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि बंदी यायला १९८८ साल उजाडलं. मधली सगळी वर्षं स्त्री संघटना आणि आरोग्य गट लढत राहिले. त्या लढ्यात बाळाच्या व्यंगाबद्दल बोलायला आपण कचरलो नाही, कारण दोष कुणाचा हे स्वच्छ दिसत होतं: गोळी लिहून देणारा डॉक्टर आणि ती विकणारी कंपनी. मिश्रीच्या बाबतीत मात्र समोर फक्त बाई, तिचा तवा आणि तिची डबी दिसते, म्हणून आपली जीभ अडखळते. पण तंबाखू काही त्या तव्यावर उगवत नाही. तिचं पीक आहे, व्यापार आहे, विडीचे कारखाने आहेत. सोलापूरला, सिन्नरला गरोदर बाई दिवसभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळते, तिचा धुरळा नाकातोंडातून आणि हातांतून अंगात जातो. ती तर व्यसन करत नाही, मजुरी करते. तिच्या बाळाचं वजन कमी भरलं तर वैरीण कुणाला म्हणायचं?

कायद्याचं म्हणाल तर १९९२ मध्ये केंद्र सरकारने तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला तो कायदा काय करणार? तिथे बोलणंच लागेल.

आणि न बोलण्याने दुसऱ्या बाजूनेही नुकसान होतं. माझ्या ओळखीच्या एका बाईने दिवस राहिल्याबरोबर फिटच्या गोळ्या बंद केल्या. ‘गोळ्यांनी पोर वेडंवाकडं होईल’ असं घरातल्यांनी सांगितलं होतं. पाचव्या महिन्यात चुलीपुढे फिट येऊन ती भाजली. फिटची काही औषधं बाळाला खरोखर घातक आहेत, व्हालप्रोएट त्यांतलं एक. पण त्यावरचा उपाय दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेणं हा आहे. गोळ्या एकदम सोडल्या तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या वाट्याला फक्त भीती आली होती.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते.

पहिलं, विचारायचं आणि नीट विचारायचं. “व्यसन आहे का?” असं नाही, तर “दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?” असं. तेही सासूसमोर नाही, वॉर्डासमोर तर नाहीच. दुसरं, खरं ते सांगायचं. मिश्रीने बाळ हलकं होतं, लवकर होऊ शकतं. जितक्या लवकर सुटेल तितकं चांगलं, आणि उशिरा सुटली तरी फायदाच आहे. तिसरं, घरातल्या सगळ्यांना धरायचं. सासूची मिश्री आणि नवऱ्याची तंबाखू घरात तशीच राहिली तर एकट्या सुनेची सुटणार कशी? चौथं, सरकारकडे मागायचं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, पण पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो. गरोदर बाईच्या तपासणीच्या दिवशी त्याच दवाखान्यात समुपदेशन हवं, दाताची तपासणी हवी. आणि पहाटे उठणाऱ्या बाईच्या पोटात मिश्रीच्या आधी भाकरी पडली पाहिजे. ही मागणी आपल्या संघटनेची का असू नये?

आणखी एक, आपल्या घरातलं. आपल्या शिबिरांत पहाटे नळापाशी मिश्री लावत बसलेल्या जुन्या कार्यकर्त्या मी पाहिल्या आहेत. मोर्चात पहिल्या रांगेत असणाऱ्या या बाया. त्यांच्याशी यावर बोलायचं धाडस मला झालं नाही. मोठेपणाचा मान राखून हे कसं बोलावं, ते त्यांनीच आम्हाला शिकवावं अशी माझी विनंती आहे.

त्या बाईच्या प्रश्नाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. म्हटलं, “मिश्रीचा वाटा असू शकतो. पण एकट्या मिश्रीचा नाही, आणि एकट्या तुझा तर नाहीच.” ती बराच वेळ रडली, आणि मग मिश्री किती वेळा लावते ते खरंखरं सांगितलं: दिवसातून पाच वेळा. तेवीस दिवसांनी बाळ घरी गेलं. गेल्या महिन्यात ती लसीकरणाला आली होती. मिश्री दोनदावर आली आहे, सुटलेली नाही. सासूनेही एक वेळ कमी केल्याचं ती हसत हसत म्हणाली. पहाटेचा चहा मात्र अजून सातलाच होतो.

तुमच्या वस्तीत, तुमच्या मंडळात पुढच्या बैठकीत हा प्रश्न काढून बघा. बाया काय म्हणतात ते जरूर कळवा.