शिक्षकाला शिक्षक भेटू द्या

खेड्यातील शाळेत विज्ञान शिकविणारा शिक्षक बहुधा एकटा असतो. प्रकाशाचे अपवर्तन मुलांना का उमगले नाही, याची चर्चा त्याने कोणाशी करावी? मुख्याध्यापक पटसंख्या विचारतात, वरिष्ठ अधिकारी माहितीचे तक्ते मागतात. वर्गात काय साधले आणि काय फसले, हे विचारणारा मात्र कोणी भेटत नाही. विज्ञानशिक्षणाच्या दुरवस्थेवर आपण पुष्कळ बोलतो. या एकटेपणाकडे मात्र आपले दुर्लक्षच झाले आहे.

ते मोडता येते, हे मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्याने दाखवून दिले. १९७२ साली फ्रेंड्स रूरल सेंटर व किशोर भारती या संस्थांनी तेथील १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञानशिक्षणाचा नवा उपक्रम आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. शास्त्रज्ञ व प्राध्यापक तेथे गेले, ते केवळ उपदेश करण्यासाठी नव्हे. शिक्षकांनी प्रयोग आधी स्वतः करावेत, मग वर्गात न्यावेत आणि मासिक बैठकीत एकमेकांना अनुभव सांगावेत, असा परिपाठ पडला. बाभळीचा काटा, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, काडेपेटीतील काड्या ही साधने झाली. शिक्षकांच्या अनुभवावरून पुस्तकातील धडेही बदलले गेले. ज्ञान नेहमी वरूनच खाली येते, या समजुतीलाच त्यामुळे धक्का बसला.

चार गटांनी एकाच टेबलाची लांबी मोजली आणि चार उत्तरे आली, तर एकटा शिक्षक गोंधळतो. फळ्यावर एक 'बरोबर' आकडा लिहून मोकळा होतो. दहा शिक्षक एकत्र बसले की कळते, हे सर्वांच्याच वर्गात घडते. मापनात फरक पडतोच आणि त्या फरकाचा विचार करणे हाच भौतिकशास्त्राचा आरंभ आहे, हे सांगण्याचे धैर्य सहकाऱ्यांच्या सोबतीतून येते.

हा उपक्रम हजाराच्या आसपास शाळांत पोचला असताना २००२ साली मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. तीन दशकांची मेहनत एका आदेशाने थांबते, कारण अखेरचा निर्णय शिक्षकाच्या हाती कधीच नसतो. लोकशाहीचे धडे देणाऱ्या शाळेत शिक्षकाच्या वाट्याला केवळ आज्ञापालन यावे, ही विसंगती आहे.

आज कोल्हापूरच्या शिक्षकाचा प्रयोग गडचिरोलीच्या शिक्षकाला मोबाईलवर क्षणात दिसू शकतो. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु त्याच मोबाईलवर परिपत्रकांचा आणि माहितीच्या मागण्यांचा ओघही चालू असतो. शिवाय पाहिलेला प्रयोग करून बघण्यास, फसला तर पुन्हा मांडण्यास वेळ लागतो. तो शिक्षकाने घरच्या वेळातून काढावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. महिन्यातील एक दिवस विषयशिक्षकांच्या बैठकीसाठी, कामाचा दिवस म्हणून व प्रवासखर्चासह मिळावा. तिची विषयपत्रिका शिक्षकांनीच ठरवावी. अशैक्षणिक कामांचे ओझे कमी व्हावे. शिक्षक संघटनांनी वेतनाच्या प्रश्नाइतक्याच आग्रहाने हा प्रश्न लढविला पाहिजे. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ठराव करून थांबू नये. प्रत्येकाने आपल्या गावच्या विज्ञानशिक्षकाला जाऊन भेटावे. त्याच्या प्रयोगपेटीत काय आहे आणि शेजारच्या गावच्या शिक्षकाशी तो शेवटचा केव्हा बोलला, एवढे जरी विचारले, तरी कामाला सुरुवात होईल.