पहिल्या वेताची

गेल्या भाऊबिजेची गोष्ट. माझी धाकटी बहीण इंदापूरला दिलेली आहे आणि मी बारामतीला मराठी शिकवतो. तेव्हा ओवाळून घ्यायला मलाच जावे लागते. वाटेत स्कूटरचे चाक बसले. शेजारच्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. तिथे एक मेंढी आपल्याच ओल्या कोकराला ढुशा देऊन दूर लोटत होती. मला कसेसेच झाले. धनगरीण मात्र शांत. तिने मेंढीला पायांत दाबून धरले, कोकरू सडाला लावले आणि म्हणाली, "पयल्या वेताची हाय, दादा. तिला अजून ठावं न्हाई."

बहिणीचे बाळ आठ दिवसांचे होते. आमची आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालेले. ओवाळताना ती हळूच म्हणाली, "दादा, मला ह्याच्याबद्दल काही वाटतच नाही रे." आणि बाहेरून चुलतसासूबाईंचा आवाज आला, "आई झाली, पण माया फुटली नाही!"

परत आल्यावर मी प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याला गाठले. (शास्त्र हा माझा प्रांत नव्हे, हे ह्या सदराचे वाचक जाणतातच.) त्याने ऑक्सिटोसिनचे नाव घेतले. हे नाव आमच्याकडे गोठ्यांतून ऐकू येते. पान्हा सुटावा म्हणून काही लोक चोरून टोचतात ते हेच. हे संप्रेरक विन्सेंट द्यु विन्यो ह्यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत घडवले आणि १९५५ साली त्यांना नोबेल मिळाले. गर्भाशयात ते कळा आणते, कासेत पान्हा सोडते आणि मेंदूत माया जागवते. निरोप एकच, अर्थ तीन! कारण अर्थ निरोपात नसून तो घेणाऱ्यात असतो. हा घेणारा म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर. मी त्याला 'ग्राही' म्हणतो. ग्राही घडवणारे जनुक शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, पण ज्ञानेश्वरी घरोघरी असली तरी उघडली जाते मोजक्या घरी, तसेच हे. मेंदूत ती कुठे आणि किती उघडायची, ह्यात गाभणपणीच्या इस्ट्रोजेनचा हात असतो.

रक्तातले ऑक्सिटोसिन मेंदूत फारसे शिरत नाही. म्हणून सुईने दूध उतरते, माया उतरत नाही. १९८७ साली इंग्लंडात केंड्रिक व केव्हर्न ह्यांनी ते इस्ट्रोजेन दिलेल्या मेंढ्यांच्या थेट मेंदूत सोडले, तेव्हा गाभण नसलेल्या त्या मेंढ्या परक्या कोकराशी आईसारख्या वागू लागल्या. पुढे १९९९ साली त्यांच्याच गटाला आढळले, की पूर्वी व्यायलेल्या मेंढीच्या मेंदूत एका ठिकाणी ह्या जनुकाचे वाचन विण्याच्या वेळी पहिलारू मेंढीपेक्षा जास्त होते. म्हणजे धनगरीण म्हणाली तेच!

हे सारे मी बहिणीला फोनवर सांगू लागलो. माणूस म्हणजे मेंढी नव्हे, आणि रडे पंधरवड्यापलीकडे टिकले तर डॉक्टरांकडे जायचे, हेही बजावले. तिने मला मध्येच थांबवले.

"दादा, ते कोकरू प्यायलं का?"

"प्यायलं की. शेपटी हलवत होतं."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाळ रडू लागले आणि तिने फोन ठेवला.