यादीत गावाचं नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही

पावसाळा तोंडावर आला की तालुक्याच्या कचेरीत दरडीचा धोका असलेल्या गावांची यादी निघते. ज्यांचं नाव यादीत, त्यांना नोटीस जाते. ज्यांचं नाव नाही, ते गाव निर्धास्त राहतं. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या शेतकरी बांधवांनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी या निर्धास्तपणाचाच विचार करायला हवा.

१९ जुलै २०२३ ची रात्र आठवा. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी मलब्याखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि अखेर शोध थांबवावा लागला. ही वाडी धोक्याच्या यादीत नव्हती, हे सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, १५१ जीव गेले. गाव जागेवर नाही हे बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे. महाड तालुक्यात तर जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या आणि सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, त्याच तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं दगावली.

याद्या बिनकामाच्या आहेत असं नाही. पण पाहणी करणारा माणूस एकदा येऊन जातो. त्यानंतर कुठे रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापला जातो, कुठे घरासाठी जोतं खोदलं जातं, कुठे ओढ्याचं तोंड बुजतं. हे बदल रोज डोळ्यांसमोर असतात ते गुरं चारणाऱ्याच्या आणि शेतावर जाणाऱ्याच्या.

६५ मिलिमीटरचा आकडा डोंगराला लागू नाही

सह्याद्रीचा कातळ पक्का आहे, पण त्याच्या अंगावर मुरूम आणि मातीचा थर आहे. मुरलेलं पाणी कातळाला अडतं आणि तिथेच साठतं. माती जड होते, तिची पकड सुटते आणि सगळा थर चिखल होऊन खाली येतो. म्हणून एका दिवसाच्या पावसापेक्षा सलग किती दिवस पडला, हे जास्त महत्त्वाचं. इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता.

आपल्याला ६५ मिलिमीटर हा आकडा पाठ आहे. मंडळात चोवीस तासांत तेवढा पाऊस नोंदला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची वाट मोकळी होते. पण तो पिकाच्या भरपाईचा हिशेब झाला. शिवाय मंडळाचं पर्जन्यमापक खाली सपाटीला असेल, तर वर डोंगरात त्याहून जास्त पडलेला असू शकतो. वाडीवर सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवावा. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर. रोज सकाळी मोजून डबा रिकामा करावा, तीन दिवसांची बेरीज फळ्यावर लिहावी.

आपल्याच कामांकडेही बघा

माळीणनंतर पडकईच्या कामावर, म्हणजे उतारावर खाचरं काढण्यावर, बरंच बोट ठेवलं गेलं. त्यावर वादही झाला. दोष कुणाचा हे बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट शेतकऱ्याला पटण्यासारखी आहे. पाणी अडवणं चांगलं, पण वस्तीच्या वरच्या खोल मातीच्या उतारावर ते जिरवणं धोक्याचं. तिथे सलग चर, शेततळं किंवा जेसीबीने सपाटीकरण करू नये. उलट वरून येणारं पाणी वळवणीच्या चराने वस्तीला वळसा घालून नैसर्गिक ओढ्यात सोडावं. खाचराच्या बांधाला सांडवा मोकळा ठेवावा. झाडं, बांबू, वाळा यांनी वरची माती धरली जाते, ती जरूर लावा; पण खोलवरचा थर सुटला तर झाडंसुद्धा त्याच्याबरोबर खाली येतात, हे ध्यानात ठेवा.

खुणा आणि ठराव

उतारावर आडवी भेग पडणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, नव्या ठिकाणी उपळ फुटणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, घराची दारं अडकणं आणि भिंती तडकणं, या खुणा. जोराचा पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर वर माती अडून राहिली असण्याची शक्यता आहे. तेव्हा बघायला वर जाऊ नका, ओढ्याच्या काठापासून आधी दूर व्हा. पावसाआधी दिसलेली भेग मात्र चिकणमातीने ठासून बुजवावी आणि तहसीलला लेखी कळवावी.

रात्री धो धो पाऊस पडत असताना घर सोडायचं की नाही, हा वाद घालत बसायला वेळ नसतो. तो दिवसाउजेडी, पावसाआधी ग्रामसभेत मिटवावा. ठरावात चार गोष्टी हव्यात. रोज उतार बघून येणारी दोन माणसं कोण. वाडी सोडायची हे कोण सांगणार. सरपंच, पोलीस पाटील की आणखी कुणी. जायचं कुठे; शाळाच दरडीखाली किंवा ओढ्याकाठी असेल तर ती उपयोगाची नाही. आणि गुरांचं काय. गोठ्यात गुरं बांधलेली म्हणून माणूस घर सोडत नाही, हे आपण जाणतो. तेव्हा मोठ्या पावसाच्या दिवसांत जनावरं आधीच हलवायची की दावी सोडायची, हेही लिहून ठेवा. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, आजारी यांची नावं घरटी टिपून ठेवा.

गाव ज्यांना अजून तलाठी आणि ग्रामसेवक म्हणतं, त्या दोघांनी या ठरावाची प्रत तहसीलदारांकडे पोचवावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर प्रत्येक वाडीच्या भिंतीवर ठळक लिहावा. यादीत गावाचं नाव असो वा नसो, एवढं काम पेरणीच्या धांदलीआधी उरकता येईल.