चार्जरच्या पोटातली सीमा

चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, असे अनेकजण सांगतात. कुणी म्हणतो, "त्यात काय एवढं!" कुणी घाबरून फोनच बदलतो. दोष फोनचा नसतो. पाहायचा असतो तो चार्जर.

भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्ट येतात. चार्जरमध्ये शिरताच त्यांचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट होतात. एक इलेक्ट्रॉनिक स्विच हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि चिमुकला ट्रान्सफॉर्मर त्यातून पाच व्होल्ट देतो. म्हणजे काडेपेटीएवढ्या डबीत अलीकडे जीवघेणी वीज आणि पलीकडे आपला हात!

बंद पडलेले दोन चार्जर मी उघडून शेजारी ठेवले. चांगल्यातल्या सर्किटच्या पाटीवर या दोन बाजूंमध्ये पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा होती, शिवाय मधोमध फट कापलेली. फुटपाथवरच्या चार्जरमध्ये हे अंतर जेमतेम मिलिमीटरभर. आपल्या पावसाळ्यात तिथे धूळ बसून ओल धरली, की वीज त्यावरून पलीकडे सरकू शकते.

झिणझिण्यांचे कारण वेगळे. दोन बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अत्यल्प प्रवाह झिरपतो. हा कपॅसिटर सुरक्षा दर्जाचा असेल तर सहसा धोका नाही. पैसे वाचवायला तिथे साधा बसवला आणि तो शॉर्ट झाला, तर मेन्सची वीज थेट फोनपर्यंत येते. म्हणून चटका जोराचा बसला तर बटण बंद करून चार्जर काढा आणि पुन्हा वापरू नका.

घेताना दोन खुणा पाहा. चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. दुसरी, बीआयएसची खूण आणि 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. २०१२ च्या केंद्रीय आदेशापासून अशा अडॅप्टरना ही नोंदणी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. मात्र खुणा खोट्याही छापतात. म्हणून तो क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून कंपनीचे नाव जुळते का ते बघा.

ओल्या हाताने चार्जिंगचा फोन धरू नये. वायरचे टोक तान्ह्या मुलांच्या तोंडाशी जाऊ देऊ नये. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. शे-दोनशे रुपये वाचतात ते नेमके त्या पाच-सहा मिलिमीटरमधून, एवढे ध्यानात ठेवा.