ड्रोन चालवणारे हात आपलेही हवेत

गोदामांनी खारबाव-भिवंडी पट्टा व्यापला. आपल्या तरुणांच्या वाट्याला काय आले? हमाली! परदेशातील काही गोदामांत आता मालाची मोजदाद ड्रोन करतो. ते वारे इथेही येणारच. तेव्हा आपली पोरे कुठे असतील?

2021 च्या नियमांप्रमाणे ड्रोनचालकाला 18 वर्षे पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण लागते. पदवी लागत नाही. वाऱ्याचा अंदाज घेणे, उड्डाणबंदीचा नकाशा वाचणे हे चालकाचे काम. फुगलेली बॅटरी, तडकलेला पंखा वेळीच ओळखणे हे तंत्रज्ञाचे. वायरमनचे काम शिकलेल्या पोरांना यात जड काय आहे? अडते ते हजारोंच्या फीपाशी.

आणि हा प्रश्न केवळ पोटाचा नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणे ड्रोनने मोजली जाऊ लागली. उड्डाणाआधी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीपर्यंत ती रेषा पोहोचली की नाही, हे पाहणारा आपला माणूस त्या यंत्रापाशी नको काय?

पुण्याच्या बार्टीने या प्रशिक्षणात खारबावसारख्या गावांतील मुलामुलींसाठी जागा ठेवाव्यात आणि फी, राहणे, जेवण यांचा सगळा खर्च उचलावा, अशी आमची मागणी आहे.