चपलेलाही पन्हा विचारा

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आले की दोन गोष्टी आधी विचारते. मीटरला भाव काय आणि पन्हा किती. छत्तीसचा पन्हा असेल तर कापड जास्त लागेल, चव्वेचाळीसचा असेल तर कमी, हे खेड्यातल्या बाईलाही ठाऊक असते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे हिसाबाच्या तासाला ‘तूल’ आणि ‘अर्ज’ हे दोन शब्द जोडीनेच यायचे. तूल म्हणजे लांबी, अर्ज म्हणजे रुंदी. परंतु तेच चोखंदळ गिऱ्हाईक चपलेच्या दुकानात गेले की फक्त ‘आठ नंबर दाखवा’ म्हणते. म्हणजे निव्वळ तूल. अर्जाचा सवाल कोणी करीत नाही आणि दुकानदारही काढीत नाही. दिवसभर उभे राहून धंदा करणाऱ्या आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या पायांच्या पुष्कळशा तकलीफी इथूनच सुरू होतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे चालतो तो नंबर इंग्रजी. एका नंबरामागे लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते. इंग्लंड-अमेरिकेत त्याच नंबरात रुंदीसाठी निराळी अक्षरे आहेत. अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅनॉक या जोड्यांच्या दुकानदाराच्या मुलाने १९२० च्या दशकात पायाची लांबी आणि रुंदी एकदम मोजणारे धातूचे माप काढले, ते तिकडे अजून वापरात आहे. आपण नंबर घेतला, अक्षर मात्र तिकडेच राहिले. आमचा पाय रुंद आहे आणि टाचदुखी तर बरीच वर्षे सोबतीला आहे. नागपूरच्या एका मोठ्या दुकानात आम्हांला सल्ला मिळाला, ‘चाचा, एक नंबर मोठा घ्या, वापरून पसरेल.’ हा सल्ला जवळपास सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. लांबी वाढली की बूट जिथे वाकतो ती जागा आणि आपला चवडा जिथे वाकतो ती जागा, दोन्ही एकमेकींपासून सरकतात. टाच मागे निसटते, जोडा धरून ठेवण्यासाठी बोटे आखडतात, आणि चवडा आवळलेला तो आवळलेलाच राहतो. अस्सल चामडे थोडेफार पसरते तरी. रेक्झिन कशाला पसरेल?

ही केवळ आमच्या पायाची कुरकुर नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय यंत्राने मोजले. निष्कर्ष असा निघाला की हिंदुस्थानी माणसाचा पाय युरोप-अमेरिकेतल्या पायापेक्षा सरासरीने रुंद आहे, आणि अरुंद मापामुळे लोक गरजेपेक्षा लांब जोडे घालतात. त्यावरून ‘भ’ नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवण्यात आली. ‘भ’ म्हणजे भारत. त्यात वयाप्रमाणे आठ गट आहेत. पाय आपले आणि फर्मा परक्याचा, ही गोष्ट सरकारी संस्थेने मोजून दाखवली हे बरे झाले.

आमच्या भंडारा जिल्ह्यात तर याचे नवल वाटू नये. धानाच्या बांधीत चिखलात अनवाणी रोवणी करणारे पाय, मोहाडी-आंधळगावकडे कोशाच्या मागावर पायाखालच्या फळ्या दाबणारे पाय, हे पाय निमुळत्या टोकाच्या बुटात कसे मावतील? अनवाणी वाढलेला पाय पुढून पसरतो आणि तो दोष नव्हे. १९९२ मध्ये कर्नाटकातील दोन डॉक्टरांनी २,३०० मुलांचे पाय तपासले. जोडे घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के निघाले, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत जास्त, उघड्या सँडलमध्ये कमी. लहान मुलाला मिरवण्यासाठी घट्ट बूट चढवणाऱ्या आईबापांनी हे वाचून ठेवावे.

आता टाचदुखीविषयी. सकाळी बिछान्यातून उठल्यावर पहिली चार पावले टाचेत खिळा ठोकल्यासारखी जातात, मग जरा बरे वाटते, आणि संध्याकाळी पुन्हा ठणका. डॉक्टर याला प्लँटर फॅशिआयटिस म्हणतात; तळव्याखालची जी जाड पट्टी टाचेपासून बोटांपर्यंत जाते, तिचे हे दुखणे. भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज केला, कडक फरशीवर अनवाणी फिरणे बंद केले, तर बहुतेकांचे काही महिन्यांत ते आटोक्यात येते. पण लोक काय करतात? बोटाने दाबले की स्पंजसारखी दबणारी चप्पल घेतात. ती आठवडाभर गादीसारखी वाटते आणि मग चेपून कागद होते. जोडा टाचेकडे घट्ट असावा, चवड्यापाशी वाकावा, मध्येच दुमडू नये. दोन्ही हातांनी फडक्यासारखा पिळला गेला तर तो परत ठेवून द्यावा.

अनवाणी फरशीचा विषय निघाला म्हणून आमच्याच कापडबाजाराविषयी लिहिणे भाग आहे. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढायचा रिवाज आहे, कारण गादीवर माल उलगडायचा असतो. रिवाज चांगला. पण तो बैठकीच्या काळातला आहे. मालक, मुनीम, नोकर सगळेच तेव्हा गादीवर बसत. आज गादीच्या जागी काऊंटर आले, खाली गुळगुळीत टाईल्स आल्या, आणि नोकर सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत त्या थंडगार टाईल्सवर अनवाणी उभा. गादी गेली, अनवाणीपण तेवढे राहिले. केरळात साड्यांच्या मोठमोठ्या दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलून दुकानात नोकरांसाठी बसायची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केले. आपल्या बाजारात यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज काय? काऊंटरमागे दोन स्टुले ठेवावीत, आणि फक्त दुकानात घालायच्या, धुता येतील अशा चांगल्या तळाच्या चपला प्रत्येक नोकराला घेऊन द्याव्यात. मालाला धूळ लागत नाही. काही बंधू म्हणतील की नोकर बसलेला दिसला तर गिऱ्हाईक नाराज होते. आमचा अनुभव असा की गिऱ्हाईक भावावरून नाराज होते, स्टुलावरून नाही.

साखरेची बिमारी असलेल्यांसाठी मामला आणखी नाजूक आहे. पाय बधिर होतो, जोडा चावतो, कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर धावपळ होते. डॉक्टर सांगतात की पाय रोज पाहा. नमाजी माणूस वजूला दिवसातून अनेकदा पायाला हात लावतो, बोटांच्या फटीतून बोट फिरवतो. त्याच वेळी फोड, चीर, लाली दिसते का ते पाहावे आणि फटी नीट कोरड्या कराव्यात. जोडा घालण्याआधी आत हात घालून खडा, खिळा चाचपावा. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे काम जुने आहे. बधिर पायांसाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या ज्या चपला कुष्ठरोग्यांना सरकारी योजनेतून दिल्या जातात, त्याच जातीचे रबर मधुमेहींनाही मानवते. लोक ती चप्पल घालायला लाजतात, कारण ती ओळखू येते. लाजून पाय गमावण्यात कसली इज्जत?

भावाचे म्हणाल तर सध्या दिवस बरे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये कापडावरची जीएसटीवाढ ऐनवेळी थांबली, पण हजारापर्यंतच्या चपलेवर ५ चे १२ टक्के झालेच. आम्ही कापडवाले तेव्हा सुटलो, चपलेवाले अडकले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोड्याला ५ टक्के आहेत. तरी रुंद मापाचा तयार जोडा आपल्या गावी मिळणे कठीण. म्हणून आमचा सल्ला मोच्याकडे जाण्याचा आहे. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा जावे. दोन्ही पाय कागदावर ठेवून उभ्याने रेघ ओढून घ्यावी, कारण दोन्ही पाय सारखे नसतात. जो मोठा, त्याच्या मापाने काम सांगावे. चवड्याभोवती आणि पायाच्या उंचवट्याभोवती टेपने घेर घ्यायला सांगावा. जाणता कारागीर त्याच नंबरच्या फर्म्यावर चामड्याचा तुकडा चढवून रुंदी वाढवतो, लांबीला हात लावत नाही. टाचेला कडक आधार आणि आत मऊ रबराचा थर स्वतंत्र सांगावा लागतो, नाहीतर तो नेहमीचाच तळ लावून देतो. बयाणा आगाऊ द्यावा, आणि ईद किंवा दिवाळीच्या तोंडावर काम सांगू नये. त्या आठवड्यांत त्याला मान वर करायला वेळ नसतो.